खर्जाची जवारी

"आता तुम्ही बाहेर जायचं," डॉक्टर केळशीकर म्हणाले.

मिरजेपासून पुण्यापर्यंत एसटीत तो भोपळ्याचा बास मी मांडीवर सांभाळत आणला होता. कराडच्या पुढे कंडक्टरने विचारलंही होतं, "ताई, एवढा जपताय, भाजी कुणाच्या लग्नाची?" त्याला मी उत्तर दिलं नव्हतं. आता सहकारनगरातल्या या दातांच्या डॉक्टरांनी माझं वाद्य हातातून घेतलं होतं आणि मला दार दाखवत होते.

"रागावू नका," ते म्हणाले. "खर्जमंडळाचा नियम आहे. ज्यानं नवं वाद्य आणलं त्यानं तासभर बाहेर बसायचं. पहिली तार दुसऱ्यानं छेडायची. मालक समोर असला की लोक गोड बोलतात. आम्हाला खरं बोलायचं असतं."

खर्जमंडळ म्हणजे बास गिटारच्या वेड्यांची टोळी. नेहमीच्या गिटारपेक्षा लांब दांडीचं, चार जाड तारांचं, खाली खर्जात बोलणारं हे वाद्य. बँडमध्ये ते कुणी बघत नाही, पण ते थांबलं की गाणं लंगडं होतं. दुकानात मिळणारा बास या मंडळींना चालत नसे. दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये सतरंजीवर त्यांनी आपापली रत्नं मांडली होती. एकाला डोकंच नव्हतं, खुंट्या खाली बुडाशी होत्या. एकाचे दांडीवरचे पडदे हातपंख्याच्या काड्यांसारखे तिरके पसरलेले होते. एक फणसाच्या लाकडाचा होता आणि त्याच्या अंगावर सावंतवाडीच्या लाखकामातली लाल-पिवळी वेलबुट्टी होती. एक सहा तारांचा होता, त्याची दांडी इतकी रुंद की तिच्यावर पोळी लाटता आली असती. दहाबारा मोठी माणसं त्या वाद्यांभोवती उकिडवी बसून लाकडावरून हात फिरवत होती, वास घेत होती. खरं सांगते, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आणि तेवढ्यात घरातून बाहेर काढलं.

गच्चीत प्लास्टिकच्या खुर्चीवर आणखी एक हद्दपार माणूस बसला होता. साठीपुढचा, अंगाने भरलेला, डोक्यावर पांढरी टोपी. तो लाखकामाचा बास त्याचा होता.

"ग्रेगरी घोन्साल्विस, वसई," तो म्हणाला. "चाळीस वर्षं लग्नाच्या बँडात वाजवतोय. बस बाय. तो भोपळ्याचा तुझा?"

"माझाच. शमीम जमादार, मिरज. आमचा तंबोऱ्यांचा कारखाना आहे."

कारखाना म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत छताला टांगलेले भोपळे, पुढच्या खोलीत अब्बांची गादी. पण बाहेर आम्ही कारखानाच म्हणतो.

"तंबोरेवाल्याच्या पोरीला बास कुठून सुचला?"

सांगलीच्या एका कॉलेजच्या मुलाने मान मोडलेला बास दुरुस्तीला आणला होता. अब्बांनी त्याला हातही लावला नाही. मी लावला. मान जोडून तारा चढवल्या, खालची तार छेडली आणि छेडतच बसले. तंबोऱ्याच्या चार तारांमधली शेवटची तार खर्जाची असते. हा त्याच तारेचा आजा होता. तेव्हापासून डोक्यात एकच. तंबोऱ्याचा भोपळा आणि तंबोऱ्याची जवारी घेऊन बास केला तर? पहिल्या वेळी मी तंबोऱ्यासारखीच तुणीच्या हलक्या लाकडाची दांडी केली. बासच्या तारांचा ताण तिला सोसला नाही, आठवड्यात धनुष्य झालं. दुसऱ्या वेळी सागवान घेतलं, आत लोखंडी सळई घातली आणि ताण पेलायला भोपळ्याच्या पोटातून लाकडाचा ठोकळा आरपार नेला. तो टिकला. त्या सांगलीच्या मुलाने फोटो कुणाला तरी पाठवला, तो फिरत फिरत डॉक्टरांकडे पोचला आणि त्यांनी बोलावणं धाडलं.

हे सगळं मी ग्रेगरीकाकांना सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"जवारी म्हणजे काय?"

"तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ना, ती घोडी. तिची पाठ कानशीनं इतकी हलकी गोलसर घासायची की तार तिच्यावरून एकदम सुटत नाही, घासत घासत सुटते. त्यानं आवाज फुलतो. तंबोरा जो गुंजत राहतो तो त्यामुळे. केसभर जास्त घासलं तर आवाज मेला."

"ती तू काढलीस?"

"छे! ती अब्बांनी. आमच्या घरात बायका भोपळे वाळवतात, कोरतात, रंग देतात, पॉलिश करतात. जवारी फक्त गादीवर बसणारा काढतो. आणि गादीवर बाप्येच बसतात. माझ्या आजोबांचा नियम आहे."

"मग तू बघत बसतेस?"

"बघत नाही, ऐकत बसते. अब्बा मला समोर बसवतात. एकदा कानस फिरवतात, तार छेडतात आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारतात, 'कशी?' मी म्हणते, 'अजून उघडायला हवी.' पुन्हा घासतात, पुन्हा 'कशी?' मला चिडवायला विचारतात हो. हनुवटी भोपळ्याला टेकवून, डोळे मिटून बसलेले असतात, त्यांना का माहीत नाही?"

ग्रेगरीकाका हसले. मग मी त्यांना तेही सांगितलं जे पुण्यात कुणाला सांगायचं नाही असं ठरवून आले होते. अब्बांचं वय झालं होतं. माझा चुलतभाऊ इलियास बाजारात तयार गिटारी आणि कीबोर्ड विकतो, त्याला आमच्या दोन खोल्या गोदामाला हव्या होत्या. अब्बा त्याला किल्ली द्यायला निघाले होते. मी जेवण सोडलं, भांडले, नाही नाही ते बोलले. शेवटी ते म्हणाले होते, "पुण्याला चाललीस ना? तिथं जाणती माणसं आहेत. त्यांच्यातला एक जरी म्हणाला, मला असाच करून दे, तर गादीवर तू बस. नाही म्हणाले, तर इलियासला किल्ली."

"म्हणजे आज तुझी परीक्षा," ग्रेगरीकाका म्हणाले.

"माझी नाही, भोपळ्याची. तो पास होणारच आहे," मी म्हटलं.

आतून बोलावणं आलं तेव्हा हॉलमध्ये सगळे माझ्याकडेच बघत होते, आणि चेहरे चांगले होते. माझा बास मधोमध एका गादीवर ठेवला होता. त्याच्या शेजारी पस्तिशीचा, चष्मेवाला माणूस मांडी घालून बसला होता. त्याच्यासमोर चामड्याचं पाकीट उघडं होतं, आत छोट्या कानशी, पाने, पट्ट्या ओळीने खोचलेल्या.

"हे पराग खांबेटे," डॉक्टर म्हणाले. "आमचे सर्जन. मंडळातल्या एकाही बासची तार यांच्या परवानगीशिवाय कुरकुरत नाही."

"काम अप्रतिम आहे तुमचं," पराग म्हणाले. "ठोकळा आरपार न्यायची कल्पना तर कमालच. फक्त एकच दोष होता. चारही तारा ब्रिजवर घासत होत्या. प्रवासात काही हललं असेल. म्हटलं, पाहुण्या आहेत, तुम्हाला परत जाऊन त्रास नको. काढून टाकली कुरकुर. ऐका आता."

त्यांनी तार छेडली. स्वच्छ, गोल, कोरडा आवाज आला आणि लगेच विझला. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही बासचा येतो तसा.

मी गुडघ्यावर बसून त्या ब्रिजकडे, म्हणजे घोडीकडे बघितलं. पुढच्या बाजूचं हाड तिरकं उतरवलं होतं. धार सरळ, सफाईदार. काम वाईट नव्हतं, तेच तर दुःख. खाली सतरंजीवर पांढरी भुकटी पडली होती. अब्बांची जवारी ती.

"काय केलंत तुम्ही हे?" मी म्हटलं.

"काय झालं?"

"ती कुरकुर नव्हती. ती जवारी होती. हा बास जो आहे तो तेवढ्यासाठीच आहे. त्याचा जीव होता तो, तो तुम्ही घासून काढलात!"

परागचा चेहरा पडला. ते म्हणाले, "पण तार घासली तर आम्ही ती... म्हणजे बासमध्ये तो दोषच धरतात." एवढं बोलून ते थांबले, कारण त्यांना स्वतःलाच कळलं असावं.

मी किल्ला लढवायला आले होते आणि दारातच तोफ फुटली. मला मोठ्याने रडायचं होतं. रडले नाही, कारण एकदा रडले असते तर सगळ्यांनी पाणी आणलं असतं, पाठीवर हात ठेवला असता आणि बास पिशवीत भरून दिला असता. मी फोन घेऊन गच्चीत गेले.

"अब्बा, त्यांनी घोडी घासली. जवारी गेली."

"काय?"

"जवारी! जवारी गेली!"

"रेंज नाही, शमीम. काही कळत नाही. घरी आलीस की सांग." फोन बंद. अब्बांच्या फोनला कधीच रेंज नसायची. शेजारच्या चहावाल्याला असायची, अब्बांना नाही.

ग्रेगरीकाका माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. "हाड पुन्हा चढत नाही ना?"

"नाही."

"पण उरलंय ना अजून?"

मी त्यांच्याकडे बघितलं. उरलं होतं. पट्टी जाड होती, अब्बांनी मुद्दाम जाड लावली होती. अजून एकदा जवारी काढता आली असती. दुसऱ्यांदा नाही. आणि घोडीवर मी आयुष्यात कानस धरली नव्हती. भोपळे शेकड्याने कोरले होते, हस्तिदंती पट्ट्यांची नक्षी बसवली होती, पण घोडीसमोर आले की हात मागे. आजोबांचा फोटो गादीच्या वरच लावलेला होता, आणि तो माझ्याकडे बघतो असं मला लहानपणापासून वाटायचं.

पुण्यात तो फोटो नव्हता.

मी आत गेले. "डॉक्टर, सगळे मिळून वाजवणार कधी?"

"जेवणानंतर. पण तुम्ही आज..."

"मग जेवणानंतर हाही वाजेल. तुम्ही सगळे जेवून घ्या. कुणी बोलू नका, पंखा बंद करा. आणि तुम्ही," मी परागना म्हटलं, "ते पाकीट घेऊन इकडे बसा. तुमच्या कानशी चांगल्या आहेत. दांडी धरायला मला माणूस लागेल."

ते बसले. त्यांनी एकदाही माफी मागितली नाही, त्याबद्दल मला ते आवडले. आधी काम, बाकी नंतर, हे त्यांनाही कळत होतं.

तारा सैल केल्या, बाजूला सारल्या. पहिला हात फिरवला तेव्हा कानस हाडावर नुसती घसरली. दुसरा बरा गेला. परागने केलेली धार आधी मोडायची होती, मग पाठ मागून पुढे उतरवत आणायची होती, इतकी हलकी की बोटाला कळेल पण डोळ्याला नाही. घासलं, तार बसवली, ताणली, छेडली. कोरडा आवाज.

"बरोबर?" पराग कुजबुजले.

"नाही. मेलेलाच आहे."

पुन्हा सैल, पुन्हा घासणं. छेडली.

"आता?"

"जरा जागा झालाय. पण नाकात बोलतोय. पुढे अजून काढायला हवं."

घोडी घासून खाली गेली तशा तारा दांडीला टेकायला लागल्या. तिला खालून काहीतरी द्यायला हवं होतं, पातळ पण न दबणारं. तंबोऱ्याला आम्ही चामडं देतो. डॉक्टरांनी खालून दवाखान्यातून कुणाच्या तरी दाढेचा जुना एक्स-रे आणला. त्याचे दोन तुकडे कापून मी घोडीच्या पायाखाली सरकवले. बसले.

"कुणाची दाढ?" मी विचारलं.

"माझ्या सासऱ्यांची," डॉक्टर म्हणाले. "कधीच कुणाच्या उपयोगी पडली नव्हती."

हॉलमध्ये पहिल्यांदा कुणीतरी हसलं. पातळ तारा तीन लागल्या. एक थोडी जास्त उघडी, एक थोडी बंद, पण जिवंत. राहिली खर्जाची. ती सगळ्यात जाड, पितळी वेटोळ्यांची, आणि तीच ऐकेना. एकदा घरघरली, एकदा मुकी झाली. हाड संपत आलं होतं. परागचा हात दांडीवर घामेजला होता. मी डोळे मिटले. हनुवटी भोपळ्याला टेकवली, अब्बांसारखी, आणि तार छेडत राहिले, छेडत राहिले. कुठे अडतंय ते ऐकलं. मग कानस बाजूला ठेवली, परागच्या पाकिटातली सगळ्यात बारीक पॉलिश कागदाची पट्टी घेतली आणि अगदी टोकाशी दोनदा फिरवली. तंबोऱ्याला घालतो तसा पांढऱ्या सुताचा धागा तारेखाली सरकवला, जरा मागे घेतला, आणि छेडली.

ती तार बोलली. आधी खोल, पोटातून, मग तिच्यातून एकेक सूर वर येत गेला आणि खोलीभर पसरला. खिडकीची काच थरथरली. परागने दांडी सोडून दोन्ही हात मागे घेतले.

"हे काढून टाकलं मी?" ते म्हणाले.

"हे नाही. ते वेगळं होतं," मी म्हटलं, आणि तेव्हा मात्र रडले. ते होतंच वेगळं. अब्बांची जवारी मोकळी, हसरी असायची. माझी खाली दबलेली, चिवट निघाली होती. मला काय तसं करायचं नव्हतं, तशी आली.

जेवणानंतर ग्रेगरीकाकांनी तो घेतला. नियमच होता, पहिली तार दुसऱ्याने. त्यांनी लग्नातलं काहीच वाजवलं नाही. एकच खालचा सूर धरून त्याच्याभोवती सावकाश फिरत राहिले, आणि दरवेळी मूळ सुरावर परतले की थांबून तो पुरता विझेपर्यंत ऐकत. संपल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. भन्नाट, अफाट, असं कधी ऐकलंच नाही. फोटो काढले. तिरक्या पडद्यांवाल्याने माझा बास मांडीवर घेतला तो सोडेचना.

मी उभी राहिले. "तुम्हाला आवडला, मला बरं वाटलं. पण मी कौतुकाला आले नाही. असा कुणाला करून हवाय, ते सांगा."

लोक एकमेकांकडे बघू लागले. एकजण म्हणाला, बँडमध्ये हा बसणार नाही. दुसरा म्हणाला, भोपळा फुटला तर? तिसऱ्याच्या बायकोने आधीच सात बास मोजले होते. कुणी वाईट बोललं नाही. माणसाला आवडणं आणि माणसाने घेणं यात केवढं अंतर असतं ते मला त्या दिवशी कळलं. परागने तोंड उघडलं तेव्हा मीच म्हटलं, "तुम्ही नको. आज तुम्ही म्हणालात तर ती भरपाई होईल." पुढे वर्षभराने त्यांचं पत्र आलं आणि माझी पहिली ऑर्डर त्यांचीच झाली, पण ते नंतर.

रात्री खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहिले आणि सकाळच्या एसटीने निघाले. साताऱ्यापर्यंत इलियासच्या नावाने मनात शिव्या दिल्या. कराडनंतर डोकं शांत झालं. ऑर्डर मिळाली नव्हती, आणि अब्बांशी खोटं बोलणं मला जमत नाही. पण किल्ली मी देऊ देणार नव्हते. गादी नाही तर नाही. मागच्या खोलीत भोपळ्यांखाली बसेन, तिथे घोडी घासेन, पण घासेन. हात लागला होता, तो आता कोण मागे घेणार?

दुपारी पोचले तेव्हा अब्बा गादीवर होते. समोर एक तंबोरा आडवा. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, ते इथे मराठीत सांगते.

"ऑर्डर?" हे त्यांनी विचारलंच नाही. हात पुढे केला. मी पिशवीतून बास काढून दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला, हनुवटी भोपळ्याला टेकवली आणि खर्जाची तार छेडली. डोळे मिटलेले. तार विझेपर्यंत ते तसेच बसले.

"ही माझी नाही," ते म्हणाले.

"नाही."

"कुणाची?"

"माझी."

मग मी सगळं सांगितलं. पराग, कानस, दाढेचा एक्स-रे. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, एकटक, नेहमीसारखे. शेवटी म्हटलं, "ऑर्डर कुणी दिली नाही. पण अब्बा, किल्ली मी देऊ देणार नाही. दाराशी आडवी पडेन."

त्यांनी बास बाजूला ठेवला. समोरचा तंबोरा ओढला, तारा छेडल्या. "कशी?"

माझं डोकं सटकलं. "आता तरी चिडवू नका!"

"कशी आहे सांग."

"बंद आहे. मधल्या जोडीच्या तारा तर मुक्याच आहेत. काय विचारता?"

"मला ऐकू येत नाही, शमीम."

मला वाटलं ते नेहमीचं काहीतरी बोलताहेत. पण ते हसत नव्हते.

"दोन वर्षं झाली. आधी वरचे सूर गेले, मग मधले. खर्ज अजून हाडातून येतो, म्हणून हनुवटी टेकवतो. जवारीचं फुलणं वर असतं, ते गेलं. हाताला सवय आहे म्हणून घासतो. थांबायचं कुठे ते तुला विचारतो."

"रोज चिडवायला विचारायचात..."

"कशाला चिडवेन? तू 'बस' म्हणालीस की थांबायचो. या दुकानातून दोन वर्षांत जेवढे तंबोरे गेले त्यांची जवारी तुझी आहे. हात तेवढा माझा."

मी भिंतीला टेकले. वर आजोबांचा फोटो होता. "मग इलियासला का देत होतात? मी बाई म्हणून?"

"ते माझ्या बापाचं. माझं नाही." त्यांनी तोंड फिरवलं, मग पुन्हा माझ्याकडे वळले. "बहिरा जवारीवाला म्हणून सांगायची लाज वाटत होती. दुकान बंद केलं असतं तर कुणाला सांगावं लागलं नसतं. आणि तुझा हा बास चांगला की वाईट, तेही मला ठरवता येईना. खर्जच तेवढा कळत होता. म्हणून म्हटलं, पुण्याची माणसं ठरवतील."

"त्यांनी नाही ठरवलं."

"ठरवलं असतं तर मी त्यांच्या कानांवर विसंबलो असतो. आता माझ्याच हनुवटीला कळलंय."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले, गादीवरून खाली उतरले आणि माझ्या जागेवर, जमिनीवर, भोपळ्यांच्या बाजूला येऊन बसले. तंबोरा गादीपाशी तसाच होता. कानस घोडीच्या बाजूला.

"सोलापूरच्या बाईंचा आहे," ते म्हणाले. "उद्या न्यायला येतील. बस."

मी बसले. गादी त्यांच्या अंगाने उबदार होती. जोडीच्या तारा सैल केल्या, घोडीवर कानस ठेवली. कानस घसरली नाही. दोनदा फिरवली, तारा चढवल्या, छेडल्या आणि सवयीने त्यांच्याकडे बघून विचारलं, "कशी?"

अब्बा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मला काय विचारतेस?" ते म्हणाले.

मी पुन्हा कानस उचलली.